ओरिजिनल होय का?

१

आधीच सांगून ठेवतो. माझ्यासमोर कोणी "चालते नं दादा, काय फरक पडते" असं म्हटलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. फरक पडते! लोखंडावर मुलामा चढवून पितळेच्या भावात परात विकतात, अन् गिऱ्हाईक हसत हसत घरी नेते. मी नाव टाकणारा माणूस, यादोराव. शेती दिघोरीले, पण पोट भंडाऱ्यात. भांडे लाईनीत एका दुकानाच्या ओट्यावर माझी गादी. लग्नातला पाण्याचा गुंड असो की देवळाले दिलेली समई, त्यावर नाव मी टाकतो. आधी खिळा-हातोडीनं ठिपक्या-ठिपक्यानं टाकत होतो, चौऱ्याऐंशीपासून बिजलीच्या मशीनीनं. पण भांडं खोटं असलं तं मशीन चालूच करत नाही. लोक म्हणतात, "यादोराव, तुमचं काय जाते?" माझा शब्द जाते बापा! आमच्या धंद्यात एकच कायदा आहे. ज्याचं नाव टाकलं, माल त्याचा. टाकलेलं नाव निघत नाही.

माझा लहान भाऊ इश्वर बाजूच्या गादीवर बसे. डावखोरा होता, म्हणून त्याची अक्षरं मागं कललेली. लांबून पाहूनही सांगता येई, हे इश्वरचं काम आहे.

शहाऐंशी साली जवाहरनगरच्या क्वार्टरमधले एक केरळचे साहेब बदली होऊन चालले होते. त्यायच्या डब्यायवर नावं टाकायले इश्वर गेला अन् येताना टीव्हीवर खेळायची मशीन घेऊन आला. सोबत तीन कॅसेटी, साहेबाच्या भावानं अठ्ठ्याहत्तर साली अमेरिकेतून पाठवलेल्या. टीव्ही मेकॅनिक बाबुलाल त्याले 'कार्ट्रिज' म्हणे, आम्ही कॅसेटच म्हणत होतो. काळ्या प्लॅस्टिकचा ठोकळा. मशीनीच्या खाचेत खुपसला की टीव्हीवर ठिपके पळत अन् पिक् पिक् आवाज येई. इश्वर खेळायले बयाड झाला. मले खेळ नाही आवडला, वस्तू आवडली. पक्की, वजनदार, इमानदार वस्तू. दोघायनं ठरवलं, अशा जुन्या पहिल्या बनावटीच्या कॅसेटी जमवायच्या, अन् जमवायच्या तं ओरिजिनलच.

२

नागपूरच्या फुटपाथवर दोनदा फसल्यावर ओळखायचं कसं ते समजलं. पहिलं वजन. डुप्लिकेट हलकी असते, अन् माझा हात म्हणजे तराजू आहे. दुसरं, लेबलावर अंगठा फिरवायचा. ओरिजिनलचा स्क्रू लेबलाखाली असते, तिथं खड्डा लागते. तिसरं, उघडायचं. आत हिरव्या पट्टीवर गोमीसारखे पाय असलेली चिप दिसली तं खरी. डुप्लिकेटमंदी चिपच्या जागी नुसता काळ्या डांबराचा ठिपका. जो न उघडता घेते तो भैताड, दुसरा शब्द नाही.

मी स्क्रू काढायले बसलो की इश्वर मागून माझ्या खांद्यावरून वाके, अन् दरवेळी तेच विचारे. "दादा, ओरिजिनल होय का?" मी मुद्दाम वेळ लावत होतो. मंग "होय" म्हटलं की तो खुश. आतल्या बाजूले मशीनीनं 'इ' टाके, त्याच्या डाव्या हाताचा, मागं कललेला, म्हणजे कोणी खेळायले नेली अन् बदलून आणली तं लगेच समजावं. दीड-दोन वर्षांत आठ जमल्या. पितळेच्या डब्यात ठेवत होतो, डब्याले कुलूप, किल्ली माझ्या करदोड्याले.

नववी तो एकटाच घेऊन आला. अठ्ठ्याऐंशीचा जून होता. भर बजारात माझ्यापुढं ठेवली. बाहेरूनच 'इ' टाकूनही मोकळा! हातात घेतल्याबरोबर मले समजलं. तरी उघडली. डांबर.

"न उघडता घेतली?" मी विचारलं.

"चालते नं दादा, काय फरक पडते," तो हसून म्हणाला. "खेळते तं आहे."

मी हातोडी घेतली अन् गिऱ्हाइकायसमोर त्या कॅसेटीचा चुरा केला. "ज्याले खऱ्या-खोट्याची अक्कल नाही, त्यानं माझ्या बाजूले बसू नये!" असं ओरडलो. सारी लाईन पाहून राहिली होती. इश्वरचं तोंड लाल झालं. त्यानं पिशवी उचलली.

"ठीक आहे दादा. ओरिजिनल आणीन तेव्हाच तोंड दाखवीन."

तो गेला.

३

तिसऱ्या दिवशी त्याची पिशवी वैनगंगेच्या घाटावर सापडली. आत निळ्या चौकड्यांचा सदरा अन् जेवणाचा डबा. पाणी चढलेलं होतं. ढिवरायनं होड्या घालून आठ दिवस नदी धुंडाळली, काहीच हाती लागलं नाही.

त्याची बायको धुरपता. लग्नाले चार वर्षं झालेली. आमच्यात लहान्याची बायको भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, तोंड वर करून बोलत नाही, डोक्यावरून पदर घेऊन ती माझ्या बायकोले, कुंताले, म्हणाली, "बाई, सांगा त्यायले. पिशवी सापडली. माणूस नाही सापडला."

दिघोरीहून आमचे तुलाराम काका आले होते. तेही म्हणाले, "यादोराव, बारा वर्षं वाट पाहायची रीत आहे. बारा नाही तं एक पावसाळा तरी जाऊ दे."

पण बजारात लोक काय बोलत होते ते मले ऐकू येत होतं. भावानं हाकललं म्हणून पोरगा नदीत गेला, असं. अरे, मी काय ढकललं होतं त्याले? ज्यायनं जन्मभर मुलाम्याची भांडी विकली ते मले शिकवून राहिले होते! मले ते सारं एकदाचं संपवायचं होतं. मेला म्हणजे मेला. तेरवी झाली की लोक गप बसतात.

देह नसला तं पळसाच्या पानायचा माणूस करतात अन् त्याले अग्नी देतात. घाटावर क्रिया करणाऱ्या महाराजानं तो बांधला. तीनशे साठ पानं, डोक्याच्या जागी शेंडी ठेवलेला नारळ. माझ्या भावाच्या जागी ते बोचकं पडलेलं पाहून माझ्या जिवाची लाही झाली. निदान नाव तं धड असावं! खिळा-हातोडी माझ्या पिशवीत असतेच. मी खाली बसलो अन् नारळावर ठिपक्या-ठिपक्यानं नाव टाकायले लागलो.

तुलाराम काकानं माझा हात धरला. "नको बाबू. जळायच्या वस्तूवर नाव टाकत नसतात."

"काका, बिननावाचा माल मी आजपर्यंत कुठं पाठवला नाही," मी म्हणालो, अन् पुरं नाव टाकलं. महाराजानं विचारलं, हा कोण? मी साऱ्यायसमोर मोठ्यानं सांगतलं, "हा माझा भाऊ इश्वर."

पानं भर्रकन जळून गेली. नारळ फुटला नाही. राखेतून गडगडत बाहेर आला, आख्खा, अन् माझ्या पायापाशी थांबला. कोणीतरी काठीनं नदीत लोटला. पलीकडं बायका धुरपताच्या बांगड्या फोडत होत्या. ती रडली नाही. घाटाच्या कडेले तो नारळ हलत होता, त्याच्याकडं पाहत होती.

४

दिवाळीत डबा पुसायले काढला. एक कॅसेट हातात घेतली अन् हात वरच गेला. हलकी.

स्क्रू काढला. गोमीच्या पायाची चिप गायब. तिच्या जागी काळा ठिपका.

मी सरळ बाबुलालच्या दुकानात जाऊन त्याची गचांडी धरली. "माझ्या कॅसेटीतली चिप काढून डांबर भरतो? माझ्याशी?"

"यादोराव, डोकं ठिकाणावर आहे का?" तो बिचारा ओरडला. "किल्ली तुमच्या करदोड्याले, अन् चोर मी?" मंग त्यानं ती कॅसेट उजेडात धरली. नखानं तो ठिपका खरवडला, नाकाले लावला. "हे डांबर नाही. जळलेलं पान आहे हे. शिरा पाहा."

शिरा होत्या.

पण मले ज्यानं घाम फुटला ते वेगळं होतं. आतला इश्वरचा मागं कललेला 'इ' नव्हता. त्या जागी दुसरा 'इ' होता, सरळ उभा, ठिपक्या-ठिपक्याचा. मशीनीनं असा पडत नाही. खिळा-हातोडीनं पडते. ते माझं अक्षर होतं.

मी घरी येऊन साऱ्यायले झाडलं. कुंताले, धुरपताले, भिंतीले. डब्याले दुसरं कुलूप लावलं, वरून लाखेनं बंद केला. पंधरा दिवसांनी उघडला तं आणखी एक हलकी. तळाशी काळ्या प्लॅस्टिकचा बारीक भुसा, ताजा. कोणी आत बसून कोरल्यासारखा. मी त्या डब्याले शिव्या घातल्या.

मंग आवाज. भर दुपारी जेवायले बसलो की आतल्या खोलीतून टक्, टक्, टक्. मी म्हणालो उंदीर. मंग म्हणालो, पितळ तापलं की बोलते. खरंच बोलते, तीस वर्षं मी पितळेत काढली आहेत. पण पितळ मोजून-मापून बोलत नाही. तीन ठोके, थांबणं, तीन ठोके. खिळा पुढं सरकवायले तेवढाच वेळ लागते.

संक्रांतीपर्यंत सात गेल्या. एकच राहिली.

५

आमच्या दारापुढं नाली आहे, अन् नालीवर एक ढिली फरशी. कोणीही आलं की तिच्यावर पाय पडते अन् ती वाजते, धप्प. कोण आलं ते मी आतूनच सांगू शकतो. इश्वर आला की धप्प, अन् मंग घासत येणारी त्याची चप्पल.

कुंता एकदा मले म्हणाली, "अवो, धुरपता दोन ताटं वाढून घेते. काहून?"

मी धुरपताच्या हाताकडं पाहिलं. हिरव्या बांगड्या. माझा पारा चढला. "लोक काय म्हणतील! तेरवी झाली आहे त्याची!" मी कुंताले सांगतलं, तिनं तिले सांगावं म्हणून. धुरपतानं पदर पुढं ओढला अन् दुसरं ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चहाले घरी आलो. आतून, धुरपताच्या खोलीतून पिक् पिक् आवाज येऊन राहिला होता. टीव्हीची मशीन चालू. म्हटलं, घरात कोण घुसलं? सकाळपासून कोणाच्या पायानं फरशी वाजली नाही, असं कुंता सांगत होती. मी तणतणत दारापाशी गेलो. दार लोटलेलं होतं, फटीतून दिसलं.

खाटेवर एक माणूस पाठ करून बसला होता. निळ्या चौकड्यांचा सदरा. खेळायचा दांडा त्याच्या उजव्या हातात होता. मी खाटेकडं पाहिलं. सुंभ जराही दबलेलं नव्हतं. खाट रिकामी असल्यासारखी ताणलेली. कॉलरच्या वर मानेवर केस होते, पिंगट, राठ. केस नव्हते ते, काथ्या होता.

मी स्वतःले म्हटलं, उन्हातून आलास यादोराव, डोळ्यापुढं अंधारी आहे. दार ढकलायले हात उचलला.

धुरपता मधे येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर नव्हता. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा माझ्या डोळ्यात पाहून बोलली.

"काय पाहिजे भाऊजी?"

"तो... तो कोण आहे?"

"मले विचारता? तुम्हीच साऱ्या जगासमोर सांगतलं नं, हा माझा भाऊ इश्वर. मी म्हटलं होतं, माणूस नाही सापडला. कोणी ऐकलं? माझ्या बांगड्या फोडल्या. आता काहून नाही म्हणता?"

तिनं दार लावून घेतलं. आत पिक् पिक् चालूच होतं.

कुंता दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं दिघोरीले तुलाराम काकाकडं गेली. माझे चार कपडे तिनं पिशवीत भरले होते. मी म्हटलं, माझं घर सोडून मी कायले जाऊ?

६

फेब्रुवारीत पोस्टकार्ड आलं. अक्षरं मागं कललेली.

'दादाले नमस्कार. मी सुरतले एका मिलमंदी होतो. रागाच्या भरात निघालो, पिशवी घाटावर विसरलो. ओरिजिनल भेटली आहे. यावेळी उघडून पाहिली. मंगळवारी दुपारी येऊन राहिलो. धुरपताले सांगशील. इश्वर.'

खरं सांगतो, पहिले मले रागच आला. आठ महिने काय झोपला होता का? एक कार्ड आधी नाही टाकता आलं? भावानं बजारात दोन शब्द बोलले तं एवढं? मी त्या कार्डाले शिव्या देत देत ओट्यावर बसलो अन् मंग मले रडू फुटलं. माझा भाऊ जिवंत होता. लाईनीतले लोक विचारत होते, काय झालं, काय झालं. मी कोणाले सांगतलं नाही. काय सांगणार? की मी पानं जाळली अन् एका जित्या बाईच्या बांगड्या फोडून घेतल्या? अन् घरी खाटेवर कोण बसून राहते?

घरी गेलो. आठवी कॅसेट काढली. हातात घ्यायच्या आधीच समजलं, हीही गेली.

धुरपतापुढं कार्ड धरलं. तिले वाचता येत नाही, पण अक्षरं पाहून ती चुलीपुढं खाली बसली. खूप वेळ बोटानं ती अक्षरं चाचपत होती. मी म्हटलं, "इश्वरचं आहे. मंगळवारी येते. खरा इश्वर."

आतल्या खोलीत पिक् पिक् थांबलं.

धुरपतानं खोलीकडं पाहिलं. मंग कार्ड चुलीत घातलं.

"मंगळवारी कोणी आलं तं सांगून द्या," ती हळू आवाजात म्हणाली, "या घरचा माणूस घरीच आहे."

"अवं, पण..."

"नाव काढता येते का तुम्हाले, भाऊजी?" तिनं विचारलं. "टाकलेलं?"

मी हात चोळत उभा राहिलो. येत नाही. कोणालेच येत नाही.

७

मंगळवारी मी दुकानात गेलो नाही. पुढच्या खोलीत, दाराजवळच्या खिडकीपाशी बसलो. ऊन तापलं होतं. आतल्या खोलीत काहीच आवाज नव्हता, सकाळपासून. मनाशी पक्कं केलं होतं, दार उघडायचं, त्याले आत घ्यायचं, अन् मंग जे होईल ते होईल. माझा भाऊ आहे तो. मीच त्याले उघड्यावर टाकलं, मीच घरात घेईन. कोणाच्या बापाले भेतो मी?

बाराच्या सुमारास फरशी वाजली. धप्प. मंग घासत आलेली चप्पल.

"दादा."

खिडकीच्या गजाबाहेर इश्वर. वाळलेला, दाढी वाढलेली, कपाळावर घाम. हसत होता. मले वाटलं, आपल्या छातीत काही फुटते. त्यानं डावा हात गजातून आत घातला. हातात कॅसेट.

"दार मंग उघड. आधी हे तपास. ओरिजिनल नसली तं इथूनच वापस जातो, बोललो होतो नं?"

मी ती घेतली. हात खाली गेला. वजन बरोबर. अंगठा लेबलावर फिरवला. खड्डा लागला. उघडायची गरजच नव्हती. एवढी पक्की वस्तू आमच्या डब्यात कधी आली नव्हती. मी दुसरा हात कडीले लावला.

तेव्हा जळक्या पानाचा वास आला.

माझ्या मागं जमिनीवर पाऊल वाजलं नव्हतं. पण खांद्यावरून कोणीतरी वाकलं. कानाले काही कोरडं, हलकं लागलं अन् सळसळलं. मी मान वळवली नाही. समोर इश्वर माझ्याच तोंडाकडं पाहत होता. माझ्या मागचं त्याले दिसत होतं की नाही, मले माहीत नाही. खिडकीच्या आत अंधार होता. त्यानं नेहमीसारखं विचारायले तोंड उघडलं.

विचारलं मागून.

"दादा, ओरिजिनल होय का?"

त्याचाच आवाज. जसाच्या तसा. त्यात फरक काढता आला असता तं मीच काढला असता.

इश्वरचं हसू तसंच राहिलं, तोंड उघडंच. तो वाट पाहत होता माझ्या उत्तराची. दोघंही पाहत होते. माझ्या कानामागची सळसळ थांबली. कडीवरचा माझा हात मागून आलेल्या उजव्या हाताच्या बोटायनं धरला, पानाएवढ्या हलक्या. ओढलं असतं तं सुटला असता. मी ओढला नाही.

"नाही रे," मी म्हणालो. "डुप्लिकेट आहे."

इश्वर माझ्याकडं पाहत राहिला. भांडला नाही, ओरडला नाही. ओरडला असता तं मी दार उघडलं असतं, आईशपथ. त्यानं नुसता रिकामा डावा हात गजातून बाहेर काढला.

फरशी वाजली. धप्प. घासत गेलेली चप्पल बरीच दूरपर्यंत ऐकू आली.

त्यानंतर आमच्या दारापुढची फरशी माझ्याशिवाय कोणाच्या पायानं वाजत नाही. घरात आम्ही तिघं असतो, मी, धुरपता अन् तो. ती कॅसेट मी रोज दुपारी हातात घेऊन पाहतो. वजन जरासुद्धा कमी झालेलं नाही.